रोजची पोळी आणि साडेआठचं ताट: श्टुटगार्टजवळच्या एका मराठी घराचं प्रकरण

हे कुटुंब श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला, एस-बानने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, अर्ध्या तासावरच्या एका गावात राहतं. नवरा नाशिकचा, बायको सांगली जिल्ह्यातली, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नोकरी दोघंही करतात: तो मोटारींच्या सुट्या भागांच्या उद्योगात पूर्ण वेळ, ती आठवड्याला तीस तास. हा सगळा पट्टाच मोटारउद्योगाचा, त्यामुळे पुणे, चाकण, नाशिकहून आलेली घरं इथे पुष्कळ. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८पासून जोडशहरं आहेत. सामान मिळत नाही, सांगायला कुणी नाही, अशी अडचण या प्रकरणात नव्हतीच, आणि म्हणूनच ते लिहून ठेवावंसं वाटलं. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम टाळले आहेत.

मी इथे बरीच वर्षं राहते. नव्याने आलेली मंडळी स्वयंपाकघर लावताना मला बोलावतात. कुठलं पीठ घ्यायचं, कुठला कुकर चालेल, पालेभाजी कुठे मिळेल असे प्रश्न असतात. हिने बोलावलं ते मात्र इथे येऊन चार वर्षं झाल्यावर. म्हणाली, "ताई, सामान सगळं मिळतं, स्वयंपाक दोघांनाही येतो, तरी रोज रात्री जेवणावरून घरात कुणीतरी रडतंच. बहुतेक वेळा मीच."

घरातला दंडक असा होता: रात्री पोळी, भाजी, आमटी किंवा वरण, आणि भात. दुपारी चौघंही बाहेर जेवतात, तेव्हा घरचं अन्न पोटात जायची ही एकच वेळ, ती तरी नीट झाली पाहिजे. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. मराठी घरांत मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की कुणी त्याची फोड करून बघत नाही. आम्ही ती करायची ठरवली.

फ्रीजवर एक कागद लावला. दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहायच्या: काय केलं, किती वेळ ओट्याशी उभं राहावं लागलं, किती वाजता ताटं वाढली, आणि कुणी काय पुन्हा मागून घेतलं. हा शेवटचा रकाना तिला उगाच वाटत होता. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

कागद भरल्यावर चित्र असं दिसलं. स्वयंपाक सहाच्या पुढे सुरू व्हायचा, ताटं सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान. ओट्याशी जाणारा वेळ पावणेदोन तासांच्या आसपास, त्यातला पाऊण तास निव्वळ पोळ्यांचा. चार वर्षांचा मुलगा ताटावर बसेपर्यंत पेंगुळलेला नाहीतर किरकिरा. पोळीचे दोन घास, मग "नको". मुलगी अर्धी पोळी संपवायची आणि झोपायच्या आधी ब्रेडवर चीज मागायची. नवरा जेवायचा, पण दुपारी कंपनीच्या कान्टीनमध्ये भरपेट झालेलं असल्याने दीड पोळीवर थांबायचा. उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी तिच्याच डब्यात.

आणि तो शेवटचा रकाना. दोन आठवड्यांत पुन्हा मागून घेतलेले पदार्थ: आमटी-भात, कढी, मुगाची खिचडी, पिठलं, परत आमटी. पोळी कुणीही, एकदाही मागितलेली नव्हती.

पोळीबद्दल इथे सविस्तर बोलायला हवं, कारण तिच्या हातात काही कमी आहे असं तिने चार वर्षं धरून ठेवलं होतं. तिच्या माहेरच्या पोळ्या मऊ, इथल्या तासाभरात चामट. मी एका संध्याकाळी शेजारी उभी राहून बघितलं. कणीक मळली, गोळा छान झाला, दहा मिनिटांत लाटायला घेतली. लाटी कडेने चिरत होती, मध्ये आक्रसून परत येत होती. तव्यावर टाकल्यावर फोड यायचे, पण सबंध पोळी फुगायची नाही. उतरवून डब्यात ठेवली की वाफ धरायची आणि मग कड टणक.

कारण पिठात होतं. जर्मनीत गव्हाच्या पिठाला टाइप क्रमांक असतो: ४०५, ५५०, ८१२, १०५० असे. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम खनिजं राखेत उरतात, तो हा आकडा. आकडा लहान, तितका कोंडा कमी आणि पीठ पांढरं. ४०५ म्हणजे केकचं पीठ, आपल्या मैद्याच्या जवळचं. संपूर्ण गव्हाच्या पिठाला क्रमांक नसतो, त्यावर फोलकोर्न लिहिलेलं असतं. बहुतेक मराठी माणसं, आणि हीसुद्धा, "गव्हाचं सबंध पीठ म्हणजे आपली कणीक" असं समजून फोलकोर्न आणतात. पण ते रोलरच्या गिरणीतलं असतं. आपल्या चक्कीत दगडांच्या दाबाने आणि उष्णतेने पिठातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात भंगतात, आणि भंगलेला स्टार्च पाणी जास्त धरतो. चक्कीची कणीक वजनाच्या ६५ ते ७० टक्के पाणी सहज पिते. म्हणून पोळी मऊ राहते. रोलरच्या पिठात तो भंग कमी, आणि कोंड्याचे पापुद्रे मोठे. ते लाटीतलं ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं जाळं, कापत जातात. कड चिरते ती त्यामुळे.

यावर उपाय आहेत. बारीक दळलेलं फोलकोर्न आणि १०५० निम्मं-निम्मं घ्यायचं, पाणी कोमट वापरायचं, कणीक नेहमीपेक्षा सैल ठेवायची आणि झाकून निदान पाऊण तास मुरू द्यायची. कोंडा तेवढ्यात पाणी पितो. किंवा मग भारतीय दुकानातून चक्कीच्या आट्याची मोठी गोणी आणायची. ती आता श्टुटगार्टमध्ये सहज मिळते. हिने दोन्ही करून बघितलं, आणि पोळ्या सुधारल्या.

पण पीठ सुधारलं तरी शेगडी राहते. जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, कपाटं, शेगडी आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायची किंवा नवी बसवायची. यांनी आधीच्यांचंच घेतलं: काचेसारख्या सपाट सिरॅमिक पृष्ठभागाची विजेची शेगडी. आच नाही, त्यामुळे फुलका ज्योतीवर टाकून फुगवायचा प्रश्नच नाही. तवा तापायला वेळ, उतरायला त्याहून वेळ. एक पोळी जळकट झाली म्हणून आच कमी करावी तर पुढच्या दोन पांढुरक्या निघतात. वरचा एक्झॉस्ट हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून खोलीतच परत सोडतो. सुकं पीठ जळल्याचा धूर मार्गिकेत टांगलेल्या हिवाळी कोटांपर्यंत पोचतो. जानेवारीत खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळवली की धूर जातो आणि पोळ्याही गार होतात.

एवढं सगळं सांभाळून नोकरी करणारी बाई रोज दहा-बारा पोळ्या लाटत होती, ज्या कुणी मागत नव्हतं.

दुसरं कारण घड्याळाचं. माझ्या मते पिठापेक्षा हे मोठं. इथे दिवसाचं गरम जेवण दुपारी होतं. मुलगा बालवाडीत जातो, तिला इथे किटा म्हणतात. तिथे पावणेबाराला गरम जेवण वाढतात. मुलीच्या शाळेत चार दिवस दुपारचं जेवण असतं. नवऱ्याच्या कान्टीनमध्ये साडेअकरापासून रांग. संध्याकाळी बहुतेक जर्मन घरांत आबेंडब्रोट: राय किंवा मिश्र पिठाचा ब्रेड, लोणी, चीज, काकडी-मुळा-टोमॅटो, कधी सूप. श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या या भागात, अशा थंड खाण्याला फेस्परही म्हणतात. सहा-साडेसहाला उरकतं, लहान मुलं साडेसात-आठला अंथरुणात, कारण शाळा पावणेआठच्या सुमारास भरते.

आता त्या चार वर्षांच्या मुलाचा दिवस बघा. पावणेबाराला पास्ता. तीन-साडेतीनला फळं आणि ब्रेत्झेल. साडेपाचला कडकडून भूक. त्या वेळी आई स्वयंपाकाची तयारी करते आहे म्हणून हातात बिस्कीट. सव्वाआठला भूक मेलेली, झोप अनावर, आणि समोर ताट. याला "मुलगा नीट जेवत नाही" म्हणायचे. तो जेवत होता. त्याच्या भुकेच्या वेळी घरात जेवण नसायचं.

मोठ्यांचं घड्याळ वेगळ्या कारणाने अडलं होतं. इकडचे दुपारचे चार म्हणजे नाशिकला उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. ती मुलांना घेऊन घरी येते त्याच सुमाराला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "आज रात्रीला काय करणारेस?" हा त्यांचा रोजचा, अगदी प्रेमाचा प्रश्न. त्यावर "ब्रेड आणि सूप" म्हणायला तिची जीभ रेटायची नाही. ती म्हणायची, "वांग्याची भाजी आणि पोळ्या." आणि एकदा म्हटलं की करावंच लागायचं.

तिची खरी भीती तिने नंतर सांगितली. मुलं आपलं अन्न विसरतील. पोळी नको म्हणाली ती उद्या आमटीही नको म्हणतील, परवा मराठी बोलायलाही नको म्हणतील. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. परदेशात मूल वाढवणाऱ्या प्रत्येक घरात ती असते, आणि तिला आधार आहे: जे घरात नियमाने शिजत नाही ते मुलांच्या जिभेवर राहत नाही. पण कागद काही वेगळंच सांगत होता. मुलं आमटी मागत होती. सांगली-नाशिकच्या चवीशी त्यांचं नातं पातळ पदार्थांतून टिकलं होतं, आणि आई मात्र सगळी ताकद पोळीवर लावत होती.

मग आम्ही ताट सुटं केलं. कुठला पदार्थ किती वेळ खातो आणि किती समाधान देतो, एवढंच बघायचं. आमटी: हातचा वेळ पंधरा मिनिटं, समाधान पुरेपूर. भात: हात लागतच नाही. भाजी: वीस मिनिटं, मुलांकडून बेताचा प्रतिसाद. पोळी: पाऊण तास, मागणी शून्य. ठरलं ते असं. सोमवार ते शुक्रवार पोळी बंद. जेवण सव्वासहाला. रोज एक घट्टसर, चवदार पातळ पदार्थ; सोबत भात नाहीतर इथला चांगला ब्रेड; सोबत कच्चं काहीतरी, म्हणजे कोशिंबीर किंवा नुसत्या काकडी-मुळ्याच्या फोडी. पोळ्या शनिवारी, निवांत, आणि लाटायला नवरा.

हे सव्वासहाला जमवायचं तर कुकरची गाठ सोडवावी लागली. तिने भारतातून ॲल्युमिनियमचा शिट्टीवाला कुकर आणला होता. तो सिरॅमिकवर सावकाश तापायचा, आणि पुढेमागे इंडक्शन शेगडी घेतली तर चालणारच नव्हता. इथे स्टीलच्या जाड बुडाचे जर्मन कुकर मिळतात. त्यांना शिट्टी नसते; झाकणातून एक खुंटी वर येते आणि तिच्यावर दोन कडी दिसतात. पहिल्या कड्याला आत सुमारे ११० अंश सेल्सिअस, दुसऱ्याला सुमारे ११९. शिट्ट्या मोजून हात बसलेल्या बाईला हे अवघड जातं, कारण तिचं माप कानाने चालतं. म्हणून मिनिटं लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली: भिजवलेली तूरडाळ दुसऱ्या कड्यावर आठ ते दहा मिनिटं, रात्रभर भिजवलेले छोले वीस, आणि मग खुंटी खाली उतरेपर्यंत हात लावायचा नाही.

तूरडाळ तरीही कधीकधी दाणेदार राहायची. त्यांच्याकडचं पाणी जड आहे. किटलीत पांढरा थर धरतो यावरूनच कळतं. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, डाळ मिळून येत नाही. भिजवताना पाण्यात मीठ आणि शिजवताना चिमूटभर खायचा सोडा, एवढ्याने काम होतं. चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ पूर्ण शिजल्यावरच; आंबटानेही डाळ कडक राहते. घाईच्या दिवसांसाठी लाल मसूरडाळ, जी इथल्या प्रत्येक सुपरमार्केटात मिळते. उघड्या पातेल्यात बारा-पंधरा मिनिटांत शिजते, कुकर काढावाच लागत नाही.

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग बुधवारचा आहे. मुलीच्या शाळेत मधूनमधून लिन्झेन मिट श्पेट्झले असतं. हा श्वाबेनचा अगदी घरगुती पदार्थ: तपकिरी मसूर, कांदा-गाजर-सेलरी घालून शिजवलेला, शेवटी व्हिनेगरने आंबट केलेला, सोबत श्पेट्झले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या मऊ, जाडसर शेवया, आणि बहुतेकदा सॉसेज. जवळच्या श्वाबिश आल्ब डोंगरपट्ट्यात मसूर पूर्वापार पिकायचा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो बंद पडला, स्थानिक वाण नाहीसे झाले. पुढे शेतकऱ्यांनी दुसऱ्या जाती लावून लागवड पुन्हा सुरू केली, आणि २००६मध्ये मूळचे दोन वाण थेट सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बियाण्यांच्या संग्रहात सापडले. आज तो मसूर इथे अभिमानाने विकला जातो.

मुलगी शाकाहारी आईची, सॉसेज बाजूला काढते, पण तो आंबट मसूर तिला फार आवडतो. हे तिने जेवताना सहज सांगितलं आणि आई एकदम थांबली. ती सांगली जिल्ह्यातली. इस्लामपूरचा अख्खा मसूर खात वाढलेली. चार वर्षं तिने तो इथे केला नव्हता, कारण अख्खा मसूर म्हणजे सोबत रोटी हवी, आणि रोटी म्हणजे पुन्हा पीठ, शेगडी, धूर.

त्या बुधवारी तिने सकाळी मसूर भिजत टाकला. संध्याकाळी कांदा चांगला लालसर परतला. हे घाईत करायचं नाही, दहा मिनिटं द्यायचीच. मग आलं-लसूण, टोमॅटो, माहेरचं कांदा-लसूण मसाल्याचं तिखट, आणि मसूर. दाणा आख्खा राहिला पाहिजे पण दाबला की मोडला पाहिजे. सोबत बेकरीतला जाड कवचाचा, आतून ओलसर ब्रेड, तुकडे तोडून रश्श्यात बुडवायला. मुलांसाठी तिखट घालायच्या आधी थोडा वेगळा काढून त्यात लिंबू पिळलं. मुलीने दोनदा घेतला आणि म्हणाली, "आई, हा आपला लिन्झेन शाळेतल्यापेक्षा भारी आहे." तेव्हापासून बुधवार अख्ख्या मसुराचा.

बाकीचे वार हळूहळू बसत गेले. कढीसाठी बुटरमिल्श, म्हणजे इथलं ताक: घट्ट, आंबट, बेसन लावून पंधरा मिनिटांत कढी होते, फक्त उकळी फुटू न देता सतत ढवळायचं. पालेभाजीला मांगोल्ड, म्हणजे मोठ्या पानांचं, बीटच्या जातीचं. शेंगदाणे आणि चणाडाळ घालून त्याची ताकातली पातळ भाजी सुरेख होते. गोठवलेला पालक घ्यायचा तर पाकिटावर राहम हा शब्द नाही ना ते बघायचं, नाहीतर मलई घातलेला पालक घरी येतो आणि फोडणी वाया जाते. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. इथे तो दर भाजीवाल्याकडे असतो, कोवळा किसून कोशिंबिरीला, जून असेल तर रस्सा. भेंडी, मेथी, जुडीची कोथिंबीर तुर्की दुकानात. कढीपत्ता आणि खवलेला नारळ फ्रीजरमध्ये, कारण रविवारी दुकानं बंद आणि शनिवारी आणलेला कढीपत्ता गुरुवारपर्यंत टिकत नाही. एप्रिलात जंगलात बेअरलाउख उगवतो, लसणाच्या वासाची रुंद पानं. शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून त्याचा ठेचा भाकरीबरोबर काय लागतो! मात्र ती पानं ओळखीच्या जाणत्या माणसाबरोबरच खुडावीत, कारण तशाच दिसणाऱ्या लिली ऑफ द व्हॅलीची पानं विषारी असतात. शंका असेल तर बाजारातली जुडी घ्यावी.

गुरुवारी चूल नाही. ब्रेड, लोणी, चीज, उकडलेलं अंडं नवऱ्याला आणि मुलांना, काकडी, गाजर, आणि मेतकूट घालून घट्ट दही. या दिवसावर तिचा सगळ्यात जास्त आक्षेप होता. आठवड्यातून एक दिवस, एवढ्यावर मी ठाम राहिले. चौघंही दुपारी गरम जेवलेली असतात. रात्रीच्या गार जेवणाने कुणाचं पोषण अडत नाही. काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करावी: ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, आणि ती स्वतः पूर्ण शाकाहारी असल्याने बी१२ तपासायला हवं. ते डॉक्टरांकडून करून घेतलं.

मग जूनमध्ये सासूबाई आल्या. शेंगेन व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तेवढ्या. बॅगेत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, पापड. तूप आणि पेढे नाहीत, कारण युरोपीय संघात बाहेरून येताना प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. ताज्या कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तूप त्यांनी इथल्या २५० ग्रॅमच्या लोण्याच्या विटा कढवून केलं आणि पहिल्या कढवणीलाच ते रवाळ झालं.

सव्वासहाचं जेवण त्यांना झेपेना. बाहेर लख्ख ऊन, सूर्य मावळणार साडेनऊला, आणि ताट वाढलेलं. शिवाय ताटात पोळी नाही. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, मी रिकामीच आहे. मी लाटते." आणि पुढचे तीन महिने घरात रोज पोळ्या झाल्या, मऊसूत, साजूक तूप लावलेल्या. नवरा खूश. मुलांनी आजीच्या हातची पोळी तूप-साखर लावून गुंडाळून खाल्ली, आणि जी पोळी दोन घासांवर "नको" होती ती आता मागून घेतली जाऊ लागली.

इथे व्यवस्था मोडते की काय असं तिला वाटलं. मला उलट वाटतं. पोळी तव्यावरून थेट हातात, करणारी बाई निवांत, तिला दुसरं काही काम नाही, आणि वेळ मुलांच्या भुकेची. तेव्हा पोळी आवडते. निर्णायक गोष्ट सासूबाईंनीच सांगितली, तीही सहज, कणीक मळता मळता. सून म्हणाली, "आई, तुम्ही तिकडेही रोज एवढ्या करता?" त्या म्हणाल्या, "छे गं, तिकडे पोळ्यांना बाई येते. गेली पंधरा वर्षं. मी वरण-भाजी बघते."

नाशिकच्या घरातल्या ज्या ताटाशी ती स्वतःला रोज ताडून बघत होती, ते ताट दोन बायका मिळून करत होत्या, आणि त्यातली एक पगारी होती. इथे ते एकटीने, नोकरीनंतर, आच नसलेल्या शेगडीवर व्हावं असा आग्रह तिने स्वतःवरच लादला होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण त्या पोळीवाल्या बाईंचा उल्लेख चार वर्षांच्या रोजच्या कॉलमध्ये एकदाही झाला नव्हता, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

सासूबाई परत गेल्यावर घर पुन्हा आठवड्याच्या ठरलेल्या वारांवर आलं. आता शनिवारी नवरा पोळ्या लाटतो. अर्ध्या कच्च्या शेकून, मध्ये बटरपेपर घालून फ्रीजरमध्ये रचतो. मंगळवारी कुणाला हवी असेल तर तव्यावर अर्ध्या मिनिटात होते. संध्याकाळच्या कॉलवर ती आता खरं काय ते सांगते, आणि सासूबाई त्यावर सूचनाही करतात: "मसुरात दालचिनीचा एक तुकडा टाकून बघ."

सगळं जमलेलं नाही. नवऱ्याच्या बैठका आठवड्यातून दोनदा सातपर्यंत लांबतात, त्या दिवशी तो आठला एकटाच आमटी गरम करून जेवतो. त्याला हे खटकतं, तिलाही. मुलांना थांबवायचं नाही हे दोघांना पटलेलं आहे, पण चौघं एकत्र बसण्याची किंमत त्यातून वजा होते हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर सध्या तोडगा इतकाच की ती त्या दिवशी मुलांबरोबर अर्धंच जेवते आणि उरलेला भात त्याच्यासोबत. धाकट्याला कढी अजून आवडत नाही. त्याला त्या दिवशी दहीभात.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो शाळेत जाईल तेव्हा हे वेळापत्रक पुन्हा हलेल. शाळेत शुक्रवारी जेवण नसतं, मुलं दुपारी घरी येतात. त्या दिवसापुरतं गरम जेवण दुपारी घरीच करायचं, एवढं ठरलं आहे. शुक्रवारी रात्री काय करायचं यावर दोघांचं अजून एकमत नाही: त्याला थालीपीठ हवं आहे, आणि भाजणी आहे म्हणून ती नाही म्हणत नाही, पण चार माणसांची थालीपिठं एका तव्यावर लावायला किती वेळ लागतो ते तिने आधी कागदावर मांडायला सांगितलं आहे.